नाळ घरी गळते

(कराडमधलं घर. बाळ पाच दिवसांचं. आज पाचवी, म्हणून मिरजेहून मावशी आली आहे. तिची नोकरी प्रसूती विभागात सिस्टर म्हणून झाली. शेवटची काही वर्षं ती नर्सिंगच्या मुलींना शिकवत होती.)

भाचा : मावशी, वॉर्डात सकाळच्या सिस्टर म्हणाल्या, नाळेला स्पिरिट लावा. रात्रपाळीच्या म्हणाल्या, काहीच लावू नका. आणि इथं आईनं हळद-खोबरेल कालवून ठेवलंय. ऐकायचं कुणाचं?

मावशी : रात्रपाळीच्या सिस्टरचं. पण सकाळच्या बाईंना नावं ठेवू नकोस. त्या शिकल्या तेच सांगतायत. आम्हीसुद्धा स्पिरिट लावायचो, जेन्शन व्हायोलेटनं बेंबी जांभळी करायचो आणि परीक्षेत तेच लिहून मार्क मिळवायचो. पुढं कळलं, स्पिरिटनं नाळ गळायला उलट उशीर लागतो.

भाचा : उशीर कसा? वाळावी म्हणूनच लावतात ना?

मावशी : वाळणं वेगळं, गळणं वेगळं. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते, भोवती जेलीसारखा गर. चिमटा लावला की रक्त थांबतं, गर आटतो, तुकडा काळा पडतो. हे वाऱ्यानंच होतं. पण बुडाशी, जिथं कातडी सुरू होते, तिथं आईच्या अंगावरून आलेले साधे जंतू वस्ती करतात. त्यांच्यामागं बाळाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि त्या हा सांधा हळूहळू सोडवतात. सगळेच जंतू मारलेस तर हे काम लांबतं.

भाचा : म्हणजे जंतू असलेले बरे?

मावशी : आईच्या कातडीवरचे. शेणामातीतले नव्हेत. तिथं धनुर्वाताचे जंतू असतात. शिवाय नाळेतली नीला आत थेट यकृताकडं जाते आणि पहिले काही दिवस ती पुरती बुजलेली नसते. बेंबीत शिरलेला संसर्ग रक्तात जायला वेळ लागत नाही. एकेकाळी धनुर्वातानं किती बाळं जायची! गरोदरपणातली लस, दवाखान्यातलं बाळंतपण आणि स्वच्छ पातं यांनी ते थांबवलं; भारतानं माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन केल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आम्ही मुलींकडून पाच स्वच्छता घोकून घ्यायचो : हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ.

भाचा : मग एखादं चांगलं जंतुनाशक लावलं तर?

मावशी : हाच प्रश्न नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात तपासला गेला. बहुतेक बाळंतपणं घरी होत होती. सुमारे १५ हजार बाळं अभ्यासात होती. ज्यांच्या नाळेला क्लोरहेक्सिडीन लावलं, त्यांच्यात मृत्यू जवळपास पाव हिश्शानं कमी झाले. २००६ मध्ये हे छापून आलं. मग झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर तेच औषध वापरून पाहिलं, तर मृत्यू कमी झालेच नाहीत. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटना सांगते : नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, जिथं शेणासारख्या घातक वस्तू लावायची चाल आहे, तिथं पहिला आठवडा क्लोरहेक्सिडीन. तेव्हा सिस्टरनं आधी विचारायला हवं, ‘बाई, तुमच्यात बेंबीला काय लावतात?’ परीक्षेच्या पेपरात हा प्रश्न येत नाही.

भाचा : आम्हालाही कुणी विचारला नाही. घरी सोडताना फाईल, गोळ्या, टाके, सही, संपलं.

मावशी : मला त्याचंच वाईट वाटतं. आपल्या साताऱ्या-सांगलीकडं बाळंतपण दवाखान्यात होतं, पण नाळ घरी गळते. सिस्टरला नियम पाठ असतो. ती तो सुनेला सांगते, आणि बाळाला न्हाऊ घालते आजी. मी मुलींना म्हणायचे, अंघोळ घालणारी बाई बाहेर बाकावर बसलीय, तिला आत बोलवा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्या घरोघर गेल्या आणि बाळांचे मृत्यू कमी झाले. १९९९ मध्ये ते साऱ्या जगानं वाचलं. पुढं देशभर आशाताईंच्या घरभेटी त्याच धर्तीवर सुरू झाल्या. तुझ्याकडं आशाताई आल्या होत्या?

भाचा : तिसऱ्या दिवशी. आता सातव्याला येणार म्हणाल्या.

मावशी : मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्यासमोर बेंबी उघडी करून दाखव. तोवर लंगोट नाळेच्या खाली दुमड, ओला कपडा तिथं टेकू देऊ नकोस. गळेपर्यंत अंग पुसूनच घ्या. नाळ ओढायची नाही, दोन आठवड्यांत आपोआप पडते. बुडाशी थोडा चिकटपणा आला तर घाबरू नकोस. पण भोवतीची कातडी लाल झाली, सुजली, पू आला, घाण वास आला, रक्त थांबेना, किंवा बाळ मलूल झालं, अंगावर पिईना, तर रात्र असली तरी थांबू नकोस, दवाखाना गाठ.

भाचा : हे आईला तूच सांग. माझं ऐकणार नाही ती.

मावशी : अक्का, ती वाटी घेऊन इकडं ये. बस अशी माझ्याजवळ. आधी मला सांग, हा झाला तेव्हा याच्या बेंबीला तू काय लावलं होतंस?