वाङ्मयसूचीचा डेटाबेस आणि वाक्यविन्यासाचे दोष : एक पद्धतिविचार

१. प्रास्ताविक

वाङ्मयसूची हे साहित्येतिहासाचे पायाभूत साधन होय. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ या कालखंडातील मुद्रित ग्रंथांची नोंद घेतली आणि पुढील संशोधनाला भक्कम आधार मिळवून दिला. आज असे काम हाती घेणारा अभ्यासक कार्डांऐवजी संगणकावर नोंदी करतो. प्रथम तक्त्यात भरलेल्या नोंदी नंतर डेटाबेसमध्ये आयात कराव्या लागतात, आणि मग त्यांवर पृच्छा करता येते. या दोन्ही टप्प्यांवर ‘वाक्यविन्यासात दोष आहे’ असा संदेश देऊन यंत्र अनेकदा थांबते. साहित्याचा अभ्यासक येथे बिचकतो आणि सर्व काम तंत्रज्ञावर सोपवतो. तंत्रज्ञ दोष दूर करतो खरा. परंतु कोणते चिन्ह नोंदीचा भाग आहे आणि कोणते उपरे, याचा निर्णय सूचीकारानेच करावयाचा असतो.

डेटाबेसशी संवाद साधण्याची एस्क्यूएल ही भाषा १९७०च्या दशकात घडली व १९८६ साली तिचे अमेरिकेतील प्रमाणीकरण झाले. तिच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहिल्या जातात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. ती कृत्रिम असली तरी भाषाच आहे. म्हणून भारतीय शाब्दबोधविचारातील आकांक्षा, संनिधी, योग्यता आणि तात्पर्य या चार संकल्पनांच्या आधारे तिच्यातील दोषांचे वर्गीकरण करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे साम्य केवळ पद्धतीपुरते घ्यावे, तादात्म्य म्हणून नव्हे.

२. आकांक्षा : अपुरे राहिलेले वाक्य

एक पद उच्चारले की ते दुसऱ्या पदाची अपेक्षा निर्माण करते. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ ही पदे ओळीने उच्चारली तरी वाक्य होत नाही, कारण त्यांना परस्परांची आकांक्षा नाही. एस्क्यूएलमध्ये उघडलेला कंस बंद होण्याची, उघडलेले अवतरणचिन्ह मिटण्याची आकांक्षा असते. ती अपुरी राहिली की यंत्र अडते.

समजा, लेखसूचीत ‘रणांगण’मधील काळ असे एक शीर्षक आहे. समीक्षालेखांच्या शीर्षकात कलाकृतीचे नाव एकेरी अवतरणात देण्याचा आपला प्रघात आहे. एस्क्यूएलमध्येही मजकूर एकेरी अवतरणातच बंदिस्त करतात, परंतु ती चिन्हे सरळ असतात. शीर्षकातील चिन्हेही सरळ असतील, तर यंत्राला आरंभीची दोन चिन्हे मिळून एक रिकामे शीर्षक दिसते, आणि त्यापुढचा ‘रणांगण’ हा शब्द त्याला आगंतुक वाटतो. संदेश त्या शब्दाकडे बोट दाखवतो. दोष मात्र त्याच्या आधीच्या चिन्हात असतो. मजकुराच्या आतील प्रत्येक सरळ चिन्ह दोनदा लिहावे, हा यावरील प्रमाण उपाय होय. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मूल्ये आज्ञेच्या मजकुरात न गुंफता स्वतंत्रपणे पुरवणे. तेथे चिन्हांचा संघर्षच उद्भवत नाही.

यातून दोषशोधनाचा पहिला नियम मिळतो : यंत्र जेथे थांबले ते स्थान आणि दोष जेथे घडला ते स्थान एकच असेल असे नाही. शोध संदेशातील स्थानापासून मागे घ्यावा. एखाद्या नोंदीत मिटावयाचे चिन्ह राहून गेले, तर पुढच्या नोंदीतील चिन्हापर्यंतचा सर्व मजकूर यंत्र एकच शीर्षक समजते आणि निर्दोष नोंदीवर अडखळते. मायएस्क्यूएलच्या संदेशात ‘अमुकजवळ’ या ठिकाणी काहीच शब्द नसेल, तर वाक्य अपुरे असतानाच संपले, म्हणजे बहुधा कंस मिटावयाचा राहिला, असे समजावे. ओळक्रमांकावरही फार विसंबू नये. शेकडो नोंदी एकाच लांब ओळीत साठवलेल्या असल्यास प्रत्येक दोष ‘ओळ १’ वरच दाखवला जातो.

याच वर्गात आणखी तीन दोष येतात. लेखनप्रणाली सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे आपोआप करतात. डोळ्याला ती अधिक शोभिवंत दिसली तरी एस्क्यूएल त्यांना मजकूर बंदिस्त करणारी चिन्हे मानत नाही. काही शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. स्तंभाला ‘ऑर्डर’ किंवा ‘ग्रुप’ असे नाव दिल्यास भलतीच आकांक्षा जागी होते. राखीव शब्दांची यादी आवृत्तीगणिक वाढते : ‘रँक’ हा शब्द मायएस्क्यूएलच्या २०१८ साली प्रसृत झालेल्या ८.० या आवृत्तीत राखीव झाला, त्यामुळे पूर्वी विनातक्रार चालणारी आज्ञा तेथे अडते. तिसरा दोष अदृश्य आहे. काही प्रणाली फायलीच्या आरंभी तीन बाइटांचे एक संकेतचिन्ह ठेवतात. पहिल्याच शब्दावर दोष दाखवला जात असेल आणि तो शब्द सर्वथा निर्दोष दिसत असेल, तर या चिन्हाचा संशय घ्यावा.

३. संनिधी : तुटलेली जवळीक

एकत्र वाचावयाची पदे जवळ असावीत, ही संनिधीची अट. सूचीकार ग्रंथकाराचे नाव ‘आपटे, हरि नारायण’ असे आडनाव आधी ठेवून लिहितो. आयातीसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या सीएसव्ही फायलीत मात्र स्वल्पविराम हाच स्तंभविभाजक असतो. परिणामी ‘आपटे’ ग्रंथकाराच्या स्तंभात, ‘हरि नारायण’ शीर्षकाच्या स्तंभात आणि शीर्षक प्रकाशनवर्षाच्या स्तंभात सरकते. ‘स्तंभांची संख्या जुळत नाही’ हा संदेश येथे सूचीकाराचा मित्रच म्हणावा लागेल. शेवटचा स्तंभ एरवी रिकामा असल्यामुळे फाईलमध्ये वगळलेला असेल, तर संख्या योगायोगाने जुळते आणि नोंद गुपचूप विस्कटते. स्वल्पविराम असलेले मूल्य दुहेरी अवतरणात ठेवणे आणि आतील दुहेरी अवतरण दोनदा लिहिणे, ही येथील रूढ पद्धत आहे. नावातून स्वल्पविराम काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो सूचीच्या शिस्तीचा भंग होय.

४. योग्यता : पदार्थांचा विसंवाद

‘अग्नीने सिंचन करतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही त्याला योग्यता नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक स्तंभाचा प्रकार ठरलेला असतो. पूर्णांकाच्या स्तंभात अयोग्य मूल्य आले की विसंवाद होतो. मराठी सूचीकाराला हा अनुभव हमखास येतो तो अंकांमुळे. देवनागरीत लिहिलेले ‘१९३९’ हे वर्ष पोस्टग्रेएस्क्यूएलला पूर्णांक वाटत नाही; ते दोष दाखवून थांबते. मायएस्क्यूएल कडक धोरण असल्यास नोंद नाकारते, धोरण सैल असल्यास शून्य नोंदवून पुढे जाते. एसक्यूलाइट ते मूल्य मजकूर म्हणून जसेच्या तसे ठेवते, आणि पुढे वर्षांची संख्यात्मक तुलना करताना असा मजकूर प्रत्येक संख्येहून मोठा मानला जातो. म्हणून वर्षासाठी आंतरराष्ट्रीय अंकांचा एक स्तंभ आणि मुखपृष्ठावरील मूळ लेखनाचा दुसरा स्तंभ, असे दोन स्तंभ ठेवणे इष्ट.

लिपिसंकेतांचा विसंवादही येथेच येतो. आयातीनंतर देवनागरीऐवजी उच्चारचिन्हे असलेली रोमन अक्षरे दिसू लागली, तर मजकूर बहुधा शाबूत असतो; केवळ त्याचे वाचन चुकीच्या संकेताने झालेले असते. साठवलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली असतील, तर मात्र मूळ अक्षरे नष्ट झाली असे समजून आयात पुन्हा करावी.

५. तात्पर्य : निर्दोष वाक्याचा दोष

आतापर्यंतच्या बहुतेक दोषांत यंत्र निदान बोलते. वाक्याचा हेतू, म्हणजे तात्पर्य, मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहे. ‘कादंबरी अथवा नाटक, आणि १९०० पूर्वीचे’ अशी पृच्छा केली की एस्क्यूएल ‘आणि’ने जोडलेल्या अटी आधी एकत्र घेते. उत्तरात सर्व काळांतील कादंबऱ्या आणि १९०० पूर्वीची केवळ नाटके येतात. कंस घातल्याशिवाय अभिप्रेत अन्वय लागत नाही. त्याचप्रमाणे ‘१९३९ सोडून इतर सर्व’ असे विचारल्यास वर्ष अज्ञात असलेल्या नोंदी उत्तरात येत नाहीत. अज्ञाताची तुलना कशाशीच सिद्ध होत नसल्याने त्यांची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते.

मराठीच्या लेखनामुळे या दोषांत भर पडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो : एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही रूपे पानावर सारखीच दिसतात; बाइटांची तुलना करणारी पृच्छा त्यांना भिन्न शब्द मानते, आणि युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरणही हा भेद मिटवत नाही. १९६२च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीचे ‘कांहीं’ आणि आजचे ‘काही’ यांचीही गाठ आपोआप पडत नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. समजा, त्याचे वर्ष शके १७७९ असे नोंदवून तो आकडा इसवी सनाच्या स्तंभात गेला, तर ग्रंथ अठराव्या शतकात जाऊन बसतो आणि यंत्र अवाक्षर काढत नाही.

अशा पृच्छेला ‘शून्य नोंदी’ हे उत्तर मिळते आणि प्रबंधात त्याचे ‘या काळात असे लेखन झाले नाही’ असे विधान होते. अभावाचे विधान साहित्येतिहासात सर्वांत जड असते, कारण ते पुढील शोध थांबवते. म्हणून शून्य हे उत्तर आले की, जी नोंद निश्चित आहे हे ठाऊक आहे तिच्यासाठी तीच पृच्छा करून पाहावी. ज्ञात नोंदही सापडत नसेल, तर दोष पृच्छेत आहे.

६. समारोप

व्यवहारात पुढील क्रम उपयुक्त ठरतो. आयात प्रथम एका प्रतीवर करावी. दोष आल्यास संदेशातील स्थानापासून मागे वाचत जावे. तरीही तो न सापडल्यास नोंद तुटणार नाही अशी काळजी घेऊन फाईल निम्मी करावी व अडणारा भाग पुन्हा निम्मा करत जावे; चार हजार नोंदींतील एक सदोष नोंद अशा बारा विभाजनांत हाती लागते. आयात पूर्ण झाल्यावर नोंदींची संख्या मूळ तक्त्याशी ताडावी आणि काही नोंदी मुद्रित सूचीशी अक्षरशः जुळवून पाहाव्यात.

पाठचिकित्सेत लिपिकाराचा प्रमाद आणि त्याचा दृश्य परिणाम यांत भेद करण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. तीच सवय येथे कामी येते. आकांक्षा, संनिधी व योग्यता यांच्या भंगाची वार्ता यंत्र पुष्कळदा देते. तात्पर्याच्या भंगाची वार्ता देणारा मात्र अभ्यासकच असतो. म्हणून पृच्छेचा मजकूर निष्कर्षाबरोबर प्रबंधात नोंदवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.