गृहशिक्षणातील मराठी साहित्य : वेचा की संपूर्ण कृती?

सहावी ते आठवीच्या वयातील मुलांसाठी घरी साहित्याचा अभ्यासक्रम ठरविताना पाठ्यपुस्तकातील वेच्यांवरच विसंबणे उचित नव्हे. वेचा ही शाळेतील तासिकेची गरज होय. घराला ती मर्यादा नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तील एखादीच रात्र वाचली, तर हाती केवळ संस्कारकथा लागते. सर्व रात्री क्रमाने वाचल्या, तरच कर्जापायी खचत जाणारे घर दिसते आणि आईच्या शिकवणुकीमागील अगतिकता उमगते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही संपूर्णच नेमावी. (मास्तराची ही कहाणी शाळेबाहेरच्या मुलाने वाचावी, यात गंमत आहेच.) दुष्काळाने वाडी ओस पडते, तो भाग सुटा वाचला, तर त्याची झळ लागत नाही, कारण वाचकाने ती वाडी नांदती पाहिलेलीच नसते.