मोजलेले पाणी, वाचलेला पैसा

राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘नागरी स्वराज्य संस्था’ हे शब्द वाचताना ते फार दूरचे वाटतात. वास्तविक राज्यकारभाराचा जो भाग सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत येतो तो हाच. नळाचे पाणी, रस्त्यावरचा दिवा, गटार, जन्म-मृत्यूचा दाखला ही सारी नगरपालिकेची कामे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. कामे वाढली, अपेक्षाही वाढल्या. तिजोरी मात्र त्या मानाने वाढली नाही. अशा वेळी यंत्राच्या मदतीने कमी पैशात चांगली सेवा देता येईल काय, याचा विचार मुख्यतः पाण्याच्या अंगाने येथे करावयाचा आहे.

पाणीच का, असे कोणी विचारील. खानदेशात राहणाऱ्याला हे सांगावयास नको. भडगावापासून वरच्या अंगाला, नांदगाव तालुक्यात, गिरणा धरण आहे. उन्हाळ्यात तेथून आवर्तन कधी सुटते याकडे गिरणाकाठची गावे डोळे लावून बसतात. सुटलेल्या पाण्यातील पुष्कळसे वाटेतल्या वाळूतच मुरते. इतक्या कष्टाने आलेले पाणी पुढे पंपाने उपसावयाचे, शुद्ध करावयाचे आणि जलकुंभात चढवावयाचे म्हणजे वीज आली, बिल आले. म्हणून फुटक्या नळातून वाहून जाते ते केवळ पाणी नव्हे; ती वीज आहे आणि आपण भरलेली पाणीपट्टी आहे.

थोडा हिशेब करून पाहू. एका नळातून पाच मिनिटांना एक लिटर पाणी गळते असे समजा. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर, म्हणजे वर्षाला एक लाख लिटरहून अधिक झाले. हा फक्त एक नळ! थेंबे थेंबे तळे साचते तसेच ते थेंबे थेंबे रितेही होते.

जेथे पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांआड, तेही तासभरच येते, तेथे नासाडी कमी होते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. पाणी पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसल्यामुळे प्रत्येक घर टाकी, पिंप, हंडे भरून ठेवते. नवे पाणी आले की साठवलेले ‘शिळे’ म्हणून ओतून देते. ज्याला जमते तो नळाला मोटर लावतो आणि टोकाच्या घराला धार मिळत नाही. शिवाय नळ रिकामा असताना फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. कावीळ आणि अतिसार यांचे एक मूळ येथे आहे. पाण्याची वाट पाहण्यात बायकांची मजुरी बुडते आणि मुलींचा वर्ग बुडतो, तो तोटा तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

यावर उपाय आपल्याच राज्यात झालेला आहे. मलकापूर म्हटले की आपल्याला भुसावळच्या पुढचे, बुलढाणा जिल्ह्यातील स्टेशन आठवते. मी म्हणते ते मलकापूर सातारा जिल्ह्यात, कराडला लागून आहे. २०११ च्या जनगणनेत भडगावाप्रमाणेच त्याची वस्तीही ३० ते ४० हजारांच्या दरम्यान होती. तेथील नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने २००९ च्या सुमारास कोयनेचे पाणी चोवीस तास देण्याची योजना चालू केली. कोणत्या भागात किती दाब राहील याचा हिशेब संगणकावर मांडून पॉलिथिनच्या नव्या नळवाहिन्या टाकल्या. नळजोडांना मीटर बसविले. हे मीटर आकडा रेडिओलहरींनी कळवितात. कर्मचाऱ्याला घरात शिरून तो वाचावा लागत नाही.

मीटर म्हणजे गरिबाच्या गळ्याला फास, असा आक्षेप घेतला जातो. तो विचार करण्याजोगा आहे. परंतु मलकापुरात दर टप्प्याटप्प्याचे ठेवले. विजेच्या बिलाप्रमाणे कमी वापरणाऱ्यास कमी दर, अधिक वापरणाऱ्यास चढता दर. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तरी महिन्याला सुमारे २० हजार लिटर, म्हणजे २० युनिट पुरतात. ठोक पाणीपट्टीत अंगण धुणारा बंगला आणि चार हंडे भरणारी झोपडी सारखेच पैसे भरतात. मग अन्याय मीटरमध्ये आहे की मीटर नसण्यात?

मोजून पाणी देण्याची कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. जळगावच्या केळी-उत्पादकाने ठिबक सिंचन केव्हाच आपलेसे केले. शेतकऱ्याने शेतात जे केले ते गावाने गावात का करू नये?

दिव्यांचेही तसेच आहे. १५० वॅटच्या सोडियम दिव्याऐवजी ७० वॅटचा एलईडी दिवा लावला व तो बारा तास जळला, तर रात्रीला जवळजवळ एक युनिट वाचते. अशा हजार दिव्यांचे रात्रीचे सुमारे ९६० युनिट झाले.

मात्र यंत्र आणले की काम फत्ते, असे नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभी नागरी सुविधा केंद्र उघडले. कर भरणे, दाखला मागणे, तक्रार नोंदविणे ही कामे एका खिडकीवर आली. पुढे हीच पद्धत राज्यातील इतर नगरपालिकांसाठी नमुना ठरली. कारण तेथे केवळ खिडकी नवी नव्हती. खिडकीमागच्या खात्यांच्या नोंदी संगणकावर घेऊन एकमेकींशी जोडल्या होत्या. मागे जुनेच बाड असेल तर पुढे संगणक ठेवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नागपुरातही २०१२ पासून सबंध शहराला चोवीस तास पाणी देण्याचे काम हाती घेतले गेले; पण पाच वर्षांत ते पुरे करण्याचे उद्दिष्ट साधले नाही. मोठ्या शहरातील जुन्या नळवाहिन्या बदलणे सोपे नसते. या बाबतीत लहान गावाचा लहानपणा सोयीचा ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी आलेला सरकारी कागद वाचणे आणि मोबाईलवर अर्ज भरणे हे काम माझ्याकडे असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आणि पुष्कळ अर्ज घरबसल्या करता येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या घरात वाचणारे कोणी नाही तेथे काय? तो माणूस दुकानात पैसे देऊन अर्ज भरून घेतो. नगरपालिकेचा खर्च वाचला, पण तो मजुराच्या खिशातून गेला. याला बचत म्हणता येणार नाही; हा केवळ खर्चाचा खांदेपालट आहे. म्हणून संगणक आला तरी खिडकीवर माणूस हवा आणि त्याने तोंडी सांगितलेले लिहून घेतले पाहिजे.

सारांश, तंत्रज्ञानाची खरी किंमत मोजण्यात आहे. किती पाणी उपसले, किती घरांपर्यंत पोहोचले आणि मधले कोठे गेले, हे तीन आकडे ज्या नगरपालिकेला ठाऊक आहेत तिला बचतीची वाट सापडेल. आणि ते आकडे दरमहा फलकावर लागले तर नागरिकांनाही प्रश्न विचारता येतील. विद्यार्थी मित्रांनो, तो फलक आपल्या आईला वाचून दाखविण्याचे काम तरी आपले आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला