गेटसमोरून गेलेली लाइन आपली नसते

फ्लॅट दाखवायला आलेला मुलगा गाडी हमखास थांबवतो ती रस्त्याकडेला पडलेल्या काळ्या पाइपांपाशी. कंबरेएवढ्या व्यासाचे पाइप, वर कुत्री झोपलेली. "बघा काका, कॉर्पोरेशनचं पाणी आलंच." आम्हीही असेच भुललो. पाइप जमिनीखाली गेले, वर डांबर पडलं आणि पुढची चार वर्षं आम्ही टँकर मोजत बसलो. ती लाइन उंचावरच्या टाकीकडे जाणारी मुख्य वाहिनी होती. अशा वाहिनीवर घरगुती नळजोड देत नाहीत. पाणी आधी टाकीत चढतं, टाकीतून वितरण वाहिनीत उतरतं, आणि आपला नळ लागतो तो या शेवटच्या बारीक वाहिनीवर. त्यामुळे 'लाइन आली का?' हा प्रश्नच चुकीचा. आपली गल्ली कुठल्या टाकीवर आहे, ती टाकी भरायला लागली का आणि गल्लीतली वितरण वाहिनी जोडून झाली का, हे पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन विचारायचं.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळली गेली. बाकीच्या गावांत घर घेणाऱ्याला पाणी-ड्रेनेजचा खर्च कसकसा पडतो, त्याचा हा हिशेब. शेजारच्या वाढत्या शहरांतही आकडे बदलतील, रीत फारशी बदलणार नाही.

सुरुवात टँकरपासून करू, कारण तुमचीही तिथूनच होणार. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप. चार माणसांचं एक घर, असे ४० फ्लॅट धरले तर रोजचे २१,६०० लिटर होतात. म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं बोअरचं पाणी. टँकर १,००० रुपयांना मिळतो असं समजा (एप्रिल-मेमध्ये टँकरवाला या समजुतीला हसेल). महिन्याला ६०,००० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे १,५०० आणि वर्षाला १८,०००. तुमच्या भागातला दर घालून हे गणित कागदावर मांडाच. नळजोडाचा खर्च जास्त वाटतो तेव्हा हाच कागद सभेत दाखवायचा असतो.

टँकरचं बिल सभासदांत वाटण्यावरून भांडणं होतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाणी आकाराची वाटणी फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून करायला सांगितली आहे. चौरस फुटावर किंवा माणसं मोजून नाही. हे वाचून दाखवलं की निम्मा आवाज खाली येतो.

बिल्डरकडे बोट दाखवण्याआधी कागद हातात घ्या. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू, असं हमीपत्र या भागात बांधकाम परवानगीच्या वेळी अनेक विकसकांकडून घेतलेलं असतं. माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्याची प्रत मागता येते. करारात लिहिलेली सोय दिली नसेल तर महारेराकडे तक्रार करता येते, तिचं शुल्क ५,००० रुपये. आमच्या बिल्डरने हमीपत्राची प्रत समोर ठेवल्यावर टँकरचे पैसे भरले नाहीत, पण जोडणीच्या खर्चात वाटा उचलायला तो तयार झाला. ते घेऊन आम्ही गप्प बसलो. बरोबर केलं की नाही, यावर अजून दोन मतं आहेत.

कर मात्र पाण्याची वाट पाहत नाही. नव्याने आलेल्या गावांत मिळकतकर एकदम न लावता पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण दरावर नेण्याची तरतूद महापालिका अधिनियमात आहे. बिलात जललाभ कर आणि जलनिस्सारण लाभ कर अशा ओळी दिसतील. त्या मिळकतीच्या करपात्र मूल्यावर लागतात, तुम्ही किती बादल्या वापरल्या याच्याशी त्यांचा संबंध नाही. नळच नसताना पाणीपट्टी लावली असेल, तर मात्र लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या.

आता प्रत्यक्ष जोडणी. अर्जासोबत भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती आणि नकाशा लागतो. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यायचं. खर्चात जोडणी शुल्क, अनामत, मीटर, पाइप आणि प्लंबरची मजुरी येते. पण बहुतेक ठिकाणी सगळ्यांत जड ओळ असते रस्ता खोदाईची. ती मीटरवर आकारतात, आणि मुरमाचा रस्ता, डांबरी रस्ता, काँक्रीटचा रस्ता यांचे दर वेगवेगळे. रस्ता काँक्रीटचा होणार अशी कुणकुण लागली, तर अर्ज त्याच आठवड्यात टाका. पावसाळ्यात खोदाईला परवानगी मिळत नाही, म्हणून मे महिन्यात जागे झालेले लोक ऑक्टोबरपर्यंत टँकरच पितात.

नळाच्या आकारात कंजुषी करू नका. एक इंची नळाचं तोंड अर्ध्या इंचीच्या दुप्पट वाटतं, पण क्षेत्रफळ चौपट असतं. अर्ध्या इंची दोन नळांनी एका इंचाची भरपाई होत नाही. पाणी मोजकेच तास येणार असेल तर जमिनीतली टाकी त्या वेळात भरली पाहिजे.

समजा, सगळं मिळून सोसायटीला ६ लाख लागले. वर काढलेल्या हिशेबात ते दहा महिन्यांचे टँकर झाले.

पाण्याचं एवढं बोलतो आपण, पण गेलेल्या पाण्याचं कोणी विचारत नाही. मी तरी विचारलं नव्हतं. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे आपल्या ४० फ्लॅटचं रोज सतरा हजार लिटरवर. नळाचं पाणी पंप लावून पाहिजे तिथे चढवता येतं. ड्रेनेज मात्र उतारानेच जातं, आणि खरा खर्च इथे लपलेला असतो. दीडशे मिलिमीटरच्या पाइपला साधारण १०० मीटरला १ मीटर उतार लागतो. तुमचं शेवटचं चेंबर रस्त्यातल्या चेंबरपासून ५० मीटरवर असेल, तर रस्त्यातल्या लाइनचा तळ तुमच्यापेक्षा किमान अर्धा मीटर खाली हवा. नसेल तर सांडपाण्याचा हौद, दोन पंप, पॅनल आणि जन्मभर विजेचं बिल.

हे तपासायला इंजिनियरच लागतो असं नाही. आमच्या गवंड्याने लेव्हलची पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरली, एक टोक आमच्या चेंबरपाशी आणि दुसरं रस्त्यातल्या चेंबरपाशी धरलं. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेपासून तळापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. आमच्याकडे ९५ सेंटिमीटर, रस्त्यात १४०. पंचेचाळीस सेंटिमीटरचा फरक, अंतर ४० मीटर. "बसतंय साहेब, पण घासून," तो म्हणाला. घर घेण्याआधी अर्धा तास घालवून कोणी हे मोजत नाही, मॉड्युलर किचनचे कप्पे मात्र मोजतात.

लाइन येईपर्यंत सेप्टिक टँक. पुण्याच्या आसपास जमिनीत थोड्यावर काळा खडक लागतो, शोषखड्ड्यातलं पाणी जिरत नाही आणि टाकी दोन-तीन वर्षांऐवजी दर काही आठवड्यांनी उपसावी लागते. सक्शनच्या गाडीचा हा खर्च देखभाल शुल्कात 'इतर' म्हणून दडलेला असतो; मागच्या वर्षाची व्हाउचर मागा. स्वस्तात होतंय म्हणून माणूस टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय इतकी माणसं यात गेली आहेत की कायदा नसता तरी कोणाला उतरवू नये.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. हीही समाविष्ट गावंच. विहीर, बोअर, टँकर आणि उतू जाणारी सेप्टिक टाकी एकाच आवारात असली की क्लोरिन तपासण्याला पर्याय नाही. क्लोरिन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टची बाटली स्वस्त असते: नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन हे प्रमाण आहे.

अर्ज अडकला तर लोकसेवा हक्क कायद्याचा आधार घ्या. नळजोड आणि जलनिस्सारण जोडणी या दोन्ही त्यातल्या, ठरावीक मुदतीत द्यायच्या अधिसूचित सेवा आहेत. पोच घेतली नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच दाखवता येत नाही.

आणि जोडणी झाल्यावर बोअरचा पाइप नव्या लाइनला कुठे टेकत नाही ना, ते प्लंबरला समोर उभं राहून दाखवायला लावा. आमच्याकडे टेकत होता. एक टी काढून तोंडाला बूच मारलं, खर्च साडेतीनशे रुपये.