पाटीवरचा हिंदी शब्द

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. दिवसा त्या वसईच्या बाजारात भाजी विकतात. वर्षभरापूर्वी त्या अंगठा उठवीत. आता सही करतात. वाटेत दिसेल ती पाटी वाचतात.

एकदा मावशी एका कचेरीत गेल्या. त्यांचे यजमान वारले होते. यजमानांच्या खात्यावरचे पैसे मावशींच्या नावावर व्हायचे होते. कागद देऊन चार महिने झाले होते. दर खेपेला एकच उत्तर मिळे, "पुढच्या आठवड्यात या."

त्या दिवशी रांग मोठी होती. उभ्या उभ्या मावशींनी भिंतीवरची पाटी वाचली. अक्षरे ओळखीची होती. भाषा मात्र हिंदी होती.

"हम आपकी सेवा में निरंतर प्रयासरत हैं।"

मावशींनी एकेक अक्षर जुळवले. 'प्रयास' हा शब्द त्यांना ठाऊक होता. त्यांना वाटले, "आपली कामं करताना या लोकांना फार प्रयास पडतात, असं लिहिलंय. मग आपण कशाला आणखी त्रास द्यायचा?" त्या काही न विचारताच घरी परतल्या.

रात्री त्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली. कोणी हसले नाही. कारण पाटीचा अर्थ कोणालाच नीट ठाऊक नव्हता. मग तोच त्या रात्रीचा धडा झाला.

शब्दाची फोड

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. म्हणून मराठी वाचणाऱ्याला हिंदी पाटी वाचता येते. पण वाचता आले म्हणजे अर्थ कळलाच, असे नाही. काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे असतात. त्यांचा अर्थ मात्र वेगळा असतो. तिथेच माणूस फसतो.

'प्रयास' हा असाच शब्द आहे. आपण म्हणतो, "चढण चढताना फार प्रयास पडले." म्हणजे कष्ट पडले, त्रास झाला. हिंदीत 'प्रयास' म्हणजे प्रयत्न. "मैंने प्रयास किया" म्हणजे "मी प्रयत्न केला."

आता 'रत' पाहा. 'रत' म्हणजे गढलेला, गुंतलेला. मराठीत आपण 'कार्यरत' म्हणतो. कार्यरत म्हणजे कामात असलेला. तसाच प्रयासरत म्हणजे प्रयत्नात असलेला.

हा लिहिण्याचा शब्द आहे, बरं का! कचेरीच्या पाटीवर, पत्रात, भाषणात तो येतो. बाजारात हिंदी बोलणारा माणूस सहसा असे म्हणत नाही. तो म्हणतो, "हम कोशिश कर रहे हैं।" अर्थ तोच.

निरंतर म्हणजे काय?

'निरंतर' शब्द मराठीतही आहे. निर् म्हणजे नाही. अंतर म्हणजे मधली फट, खंड. ज्यात खंड नाही ते निरंतर.

विरारजवळचे आगाशी गाव सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुकेळी कशी करतात? पिकलेली राजेळी केळी सोलतात आणि उन्हात वाळवतात. हे एका दिवसाचे काम नाही. केळी रोज उन्हात टाकायची. रोज फिरवायची. रात्री दव पडते, म्हणून झाकायची. पहिल्या दिवशी खूप राबलो आणि पुढचे दोन दिवस पाहिलेच नाही, तर केळी बिघडते. रोजचे काम थोडेच, पण खंड नको. याला म्हणतात निरंतर.

किल्ल्याची साक्ष

प्रयासरत म्हणजे काय, ते वसईचा किल्लाच सांगतो.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्यांनी तिथे भक्कम किल्ला बांधला. त्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. जमिनीवरून जाण्याची वाट एकाच बाजूने.

१७३७ मध्ये मराठ्यांनी वसईची मोहीम सुरू केली. तटाला शिड्या लावून पाहिल्या. ते हल्ले फसले. मोहीम लांबली, पण सोडली नाही. १७३९ च्या आरंभी पेशवे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा स्वतः वसईला आले. आता रीत बदलली. सैनिकांनी खंदक खणत खणत तट गाठला. बुरुजाखाली सुरुंग खणले. वरून तोफा चालू असत. तरी खणणारे हात थांबले नाहीत.

मे १७३९ मध्ये सुरुंगांना बत्ती दिली. काही सुरुंग उशिरा उडाले. त्यात मराठ्यांचेच पुष्कळ लोक मेले. तरी हल्ला पुन्हा झाला. अखेर पोर्तुगिजांनी तह केला. किल्ल्यातल्या लोकांना आपल्या चीजवस्तू घेऊन जाऊ दिले. दोनशे वर्षांहून जास्त काळ चाललेला पोर्तुगिजांचा अंमल संपला.

दोन्ही बाजूंची खूप माणसे मेली. ते विसरू नये. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शिड्या फसल्या, तर पुन्हा पुन्हा शिड्याच लावत बसले नाहीत. दुसरी वाट शोधली. भिंतीवर डोके आपटत राहणारा माणूस प्रयासरत नव्हे. काम न सोडता जो रीत सुधारतो, तो प्रयासरत.

पुन्हा खिडकीपुढे

पुढच्या सोमवारी मावशी परत कचेरीत गेल्या. या वेळी त्यांनीही रीत बदलली. आदल्या रात्री वर्गात बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. कागद कोणत्या तारखेला दिले, किती खेपा घातल्या, ते सगळे त्यात मांडले. अर्जाची दुसरी प्रतही केली.

खिडकीतला कारकून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या, मावशी."

मावशींनी पाटीकडे बोट दाखवले. "साहेब, ही पाटी मी वाचली. तुम्ही निरंतर प्रयासरत आहात, म्हणजे न थांबता प्रयत्न करता. मग माझ्या कागदाचा प्रयत्न कुठवर आला, तेवढं सांगा. आणि या प्रतीवर शिक्का मारून तारीख घाला."

कारकुनाने वर पाहिले. अर्ज वाचला. मग उठून कपाटातून कागद काढले. एक दाखला कमी होता. चार महिन्यांत ते कोणी सांगितले नव्हते! मावशींनी दाखला आणून दिला. तिसऱ्या आठवड्यात पैसे त्यांच्या नावावर झाले.

त्या रात्री मावशी वर्गाला आल्या आणि रोजच्या जागी बसल्या. एक जण म्हणाला, "मावशी, काम झालं. आता वर्ग कशाला?"

मावशी म्हणाल्या, "सुकेळी अर्धी वाळली, म्हणून उचलतात का?"

मावशींचे म्हणणे खरे आहे. नवीन शिकलेले अक्षर वापरले नाही, तर विसरते. म्हणून रोज चार ओळी तरी वाचा. मध्ये अंतर पडू देऊ नका.

शब्दांचे अर्थ

हम – आम्ही
आपकी – आपली, तुमची
में – मध्ये
हैं – आहोत, आहेत
प्रयास (हिंदीत) – प्रयत्न
निरंतर – खंड न पडता
प्रयासरत – प्रयत्नात गढलेला

आता हे करा

१. 'प्रयास' शब्दाचा मराठीत अर्थ काय? हिंदीत काय?
२. मावशी पहिल्या वेळी काही न विचारता का परतल्या?
३. रेल्वे स्टेशनवरची एक हिंदी पाटी वहीत उतरवून आणा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा. वर्गात विचारा.
४. तुमचे एखादे काम अडले आहे का? त्याचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा.