वृद्धांची आरोग्यतपासणी व त्यांचे समाधान

चरकाचार्यांनी ६० वर्षांनंतरचे वय जीर्ण मानले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यातही मर्यादा ६० चीच आहे. या वयाच्या, विशेष तक्रार नसलेल्या व्यक्ती आमच्याकडे वर्षातून एकदा तपासणीस येतात. निघताना ‘समाधान झाले ना?’ असे आम्ही विचारीत असू. ‘झाले’ असे उत्तर मिळे आणि आम्हीही निश्चिंत होत असू.

हे समाधान कशाने होते? रक्तशर्करेचा आकडा वृद्धांच्या फारसा स्मरणात राहत नाही. वैद्यांनी नाडीवर बोटे ठेवून किती वेळ दिला, भूक, झोप, मलप्रवृत्ती यांची चौकशी केली की नाही, हे मात्र ते पुढच्या खेपेसही सांगतात. दशविध परीक्षेतील सात्म्य, सत्त्व व आहारशक्तीविषयीचे प्रश्न त्यांना आपुलकीचे वाटतात.

परंतु समाधान झाले म्हणजे तपासणी पुरी झाली असे नव्हे. ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आमच्यावर अत्यंत प्रसन्न होते. औषधे विचारली असता ‘रक्तदाबाची एक गोळी’ एवढेच त्यांनी सांगितले. रक्तदाब किंचित वाढलेला आढळल्याने आम्ही त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे धाडले. तेथे गोळीची मात्रा वाढली. दोन महिन्यांनी रात्री लघवीस उठताना भोवळ येऊन ते पडले व मनगट मोडले. पुढे कळले की वातासाठी लवणभास्कर चूर्ण ते दोन वेळा, वर्षानुवर्षे घेत होते. चूर्ण हे त्यांच्या लेखी औषधच नव्हते! त्यात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव अशी चार लवणे असतात, हे आम्हांस ठाऊक होते; विचारले मात्र नाही. उभे करून रक्तदाबही मोजला नव्हता.

आता घरातील सर्व गोळ्या, चूर्णे, काढे पिशवीत घालून आणावयास आम्ही सांगतो. रक्तदाब निजवून मोजतो व उभे केल्यावर ३ मिनिटांच्या आत पुन्हा मोजतो. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरल्यास ती धोक्याची सूचना समजतो. औषधी दुकानदार बंधूंनीही लवणयुक्त चूर्ण, तसेच दीर्घकाळ घेतले जाणारे ज्येष्ठमध देताना रक्तदाबाची चौकशी करावी. ज्येष्ठमधानेही रक्तदाब वाढू शकतो.

पिशवी रिकामी करविणे सर्वांनाच रुचत नाही. एका आजींना तो अविश्वास वाटला व त्या रागावून गेल्या. त्यांच्या पिशवीत एकाच घटकाच्या, दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या होत्या.