सारापद्धतीचे दूरवर पोंचलेले परिणाम

सारावसुलीची पद्धत बदलली कीं तिचा परिणामहि संपला, असा सर्वसाधारण समज आहे. अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन पाहतां तो टिकत नाहीं.

इंग्रजांनीं १७९३ सालीं बंगाल-बिहारांत कायमधारा ठरवून जमिनीची मालकी जमीनदारांस दिली. त्यांनीं सरकारांत ठरीव रक्कम भरावी व कुळांकडून बनेल तितका खंड घ्यावा, असा तो प्रकार होता. मद्रास इलाख्यांत मनरोच्या आग्रहानें रयतवारी आली. आपल्याकडे गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मोजणी सुरू केली. शेतवार सारा तीस वर्षांकरितां ठरला व जमिनीचा खातेदार सरकारास प्रत्यक्ष जबाबदार झाला.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी कायद्यानें गेली. तरीहि १९५६ ते १९८७ या काळांतील आंकडे ताडून पाहतां, जेथें जमीनदारी नव्हती त्या जिल्ह्यांत गव्हाचें एकरी उत्पन्न शेंकडा सुमारें २३ नें अधिक भरलें. पाटपाणी व खतांचा वापरहि तेथें अधिक आढळला.

येथें शंका येईल कीं, जमीनदारी मुलूख मूळचाच निकस असेल. म्हणून संशोधकांनीं लगतचे जिल्हे परस्परांशीं ताडून पाहिले. शिवाय १८२० ते १८५६ या काळांत इंग्रजी अंमलाखालीं आलेल्या मुलखांत बहुधा जमीनदारी बसली नाहीं. त्यास त्या वेळचें राज्यकर्त्यांचें मत कारण होतें, जमिनीचा कस नव्हे. या कसोट्यांनंतरहि अंतर कायम राहिलें.

विशेष हें कीं, हें अंतर मुख्यतः १९६५ नंतर, म्हणजे सुधारलेलें बीं व खतें यांवर सरकारी खर्च वाढल्यावर, रुंदावलें. जेथें मालक व कूळ यांचें पिढीजाद वैर होतें, तेथें एकजुटीनें मागणी झाली नाहीं व सरकारी पैसाहि कमी पोंचला, असा संशोधकांचा तर्क आहे.

मात्र रयतवारी म्हणजे रामराज्य नव्हे. १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तो याच पद्धतीखालील कर्जबाजारी शेतकऱ्यांचा. त्यानंतर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा करावा लागला. सातबाऱ्यावर नांव असणें ही सुरुवात होय. त्यास माफक व्याजाचें कर्ज व गांवची एकी यांची जोड मिळाली, तरच त्या नांवाचें फळ पुढील पिढीच्या पदरीं पडतें.